उपाशी बरणी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून मी शेवाळ वाढवतो आहे, हे ऐकून आजी म्हणाली, "विहिरीतलं खरवडताना कंबर मोडते, आणि तू ते मुद्दाम वाढवतोस काय रे?" क्लोरेला म्हणजे काय हे तिला कसे सांगावे? नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एकच हिरवी पेशी. पाणी, उजेड, हवा आणि चिमूटभर क्षार यांवर जगणारी. अशाच शेवाळांवर प्रयोग करून कॅल्विन यांनी प्रकाशसंश्लेषणातील कार्बनची वाट शोधली आणि १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळवले. आम्हांला तिच्याकडून फक्त स्टार्च हवे होते.

नायट्रोजन मिळतो तोवर पेशी प्रथिने करते, विभागत राहते. तो तोडला की वाढ खुंटते. पण उजेडात कार्बन पकडणे लगेच थांबत नाही, आणि तो स्टार्चच्या रूपाने साठतो. त्या स्टार्चची साखर करून यीस्टच्या हवाली केली की अल्कोहोल! म्हणून दोन बरण्या, एक ट्यूबलाईट आणि माशांच्या टाकीचा पंप. एका बरणीत पोटॅशियम नायट्रेट, दुसरी उपाशी. माझा सोबती बैलहोंगलचा. तो 'पाची' म्हणे, मी 'शेवाळ'. वहीत दोघांनी क्लोरेला लिहिले.

चौथ्या दिवशी उपाशी बरणी पिवळी पडू लागली. असे होणार हे वाचले होते, तरी माझा धीर सुटला. संध्याकाळी प्रयोगशाळेत कोणी नसताना मी तिच्यात चिमूटभर नायट्रेट टाकले. दोन दिवसांत बरणी हिरवी! सोबती चकित, मी गप्प. स्पिरिटने हिरवा रंग काढून आयोडीनचा थेंब टाकला, तर दोन्ही नमुने सारखेच फिके. साठवलेले स्टार्च पेशींनी नव्या वाढीत खर्चून टाकले होते. सोबती मात्र स्वतःची चूक शोधत रात्री उशिरापर्यंत वही चाळत बसला. तेव्हा राहवेना, सांगून टाकले. तो कन्नडमधून जे बोलला ते कानडी विभागातही छापता येणार नाही. सर एवढेच म्हणाले, "टाकलंस ते वहीत लिही. तारखेसह."

दुसऱ्या खेपेस बरणी आधी पोटभर खाऊ घालून दाट केली, मग उपाशी ठेवली आणि हात खिशात घातले. आयोडीनखाली पेशी निळ्या-काळ्या कणांनी भरल्या होत्या. गाळ बसवून वाळवला; चहाचा चमचाही भरला नाही. आजीने तो चिमटीत धरून पाहिला.

"आणि भाकरी कधी थापायची याची?"