पोशीरच्या वाटेवरची शेवळं

नेरळला उतरलं की बहुतेकांची पावलं माथेरानकडे वळतात. १९०७ साली तिथली छोटी गाडी सुरू झाली, तेव्हापासूनची ही सवय. मी मात्र कळंबकडे जाणारी मिनिडोअर धरली. मृगाचा पाऊस पडून गेला होता, पोशीरला शेवळं, ही पहिल्या पावसातली रानभाजी, मिळायला हवी होती.

मिळाली. रस्त्याकडेला एक ठाकरीण जुड्या मांडून बसली होती, बाजूला हिरव्या काकडांचा ढीग. मी नुसती शेवळं मागितली, तर म्हणाली, "काकडं घ्या दादा, नायतर घसा खाजंल." शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा दांडा काढायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर परतायचं आणि काकडाच्या आंबट रसात शिजवायचं. ही जोडी जमेपर्यंत किती पिढ्यांचे घसे खवखवले असतील, कोण जाणे!

हे खाणं हौसेतून आलेलं नाही. ज्येष्ठ-आषाढात कणग्या तळाला जातात, तेव्हा रानच पोसतं: आधी शेवळं, मग टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोळी. डोंगरउतारावरच्या दळीत नाचणी-वरई. खालच्या खाचरांत भात भरपूर, पण कुळाच्या घरात तो फार टिकत नसे. सावकाराची उधारी आधी. भाई कोतवालांनी या कर्जत तालुक्यात धान्यकोठ्या काढल्या त्या यासाठीच. स्वातंत्र्यलढ्यात २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झालेले कोतवाल सगळ्यांना ठाऊक आहेत. मला कोठीवाले कोतवाल अधिक मोठे वाटतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पांढऱ्या तांदळात जेमतेम सात-आठ. आता फार्महाऊसवर शहरी पाहुणा कौतुकाने नाचणीची भाकरी मागतो आणि वाडीवर रेशनचा पांढरा तांदूळ शिजतो. गरिबाच्या ताटातलं बळ असं अलगद दुसऱ्याच्या ताटात गेलं, याचं मला हसू येत नाही.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोशीर धरण प्रकल्पाला मान्यता दिली. पाणी मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांना जाईल. बुडितातली झाडं मोजली जातीलच. शेवळाचं तसं नाही. पाऊस सरला की त्याचा कंद जमिनीखाली निजतो. मोजणी उन्हाळ्यात झाली, तर कागदावर ते यायचंच नाही.