बोर्डावर लागलंय

उंची तीन फूट, रुंदी चार. अंगावर हिरवं कापड, त्यावर दोन सरकत्या काचा आणि दोन्हींना मिळून एक कुलूप. कपाळावर पांढऱ्या रंगात ‘ग्रंथालय सूचना फलक’ लिहिलंय, पण त्या नावानं त्याला आजवर कुणी हाक मारलेली नाही. तो बोर्ड. ‘लागलं काय बोर्डावर?’ ‘बोर्डावर बघ की!’ ‘बोर्डावर लावलंय, परत परत विचारू नका.’ यातलं शेवटचं वाक्य देवघेव काउंटरवरून येतं आणि मान वर न करता येतं. कोल्हापुरातल्या लहान कॉलेजांत, म्हणजे जिथं ग्रंथपाल एक, परिचर म्हणजे ‘मामा’ एक आणि रीडिंग हॉलमधले चालू पंखे दोन, तिथं ग्रंथालयाच्या दाराशी हा असतोच. मी असे बरेच पाहिलेत. कापडाचा रंग बदलतो, स्वभाव नाही.

स्वभाव जुन्या हेडक्लार्कचा. तोंड उघडलं की ‘याद्वारे सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की’. खाली ग्रंथपालांची सही, शेजारी प्राचार्यांची, कोपऱ्यात जावक क्रमांक. ‘कृपया’ तो लिहितो, पण दोन ओळींनंतर ‘अन्यथा’ ठरलेलं. तरी एक मान्य करायला हवं, माणसामाणसांत तो फरक करत नाही. कारखान्याच्या संचालकाचा मुलगा असो की गगनबावड्याहून पहाटेची एस. टी. धरून येणारा असो, पुस्तक थकलं की दोघांची नावं एकाच यादीत, एकाच टायपात, रोल नंबरासकट.

त्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. प्रवेशाची पावती आणि दोन फोटो आणा, पुस्तकं न्यायचं बी. टी. कार्ड घेऊन जा. २६ जूनला शाहू जयंती. त्या दिवशी सूचना बाजूला सारून राजर्षींवरच्या पुस्तकांची वेष्टनं टाचली जातात, धनंजय कीरांचं चरित्र मधोमध. १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांचा फोटो आणि त्यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं. पुस्तकं वापरली गेली पाहिजेत, असं त्यातलं पहिलंच सूत्र सांगतं आणि त्याच्या बरोबर खाली संदर्भग्रंथ ग्रंथालयाबाहेर नेता येणार नाहीत ही कायमची सूचना असते. दोन्ही कागद वर्षानुवर्षं शेजारी नांदताहेत. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, मार्चमध्ये ‘नो ड्यूज’. पोरांच्या लेखी खरा सण शेवटचाच, कारण त्याशिवाय हॉल तिकीट मिळत नाही.

घराणं तसं मोठं आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० मधलं. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये केला, तेव्हा देशात दुसरीकडे कुठंच तो नव्हता; मद्रासचा आला १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राचा थेट १९६७ मध्ये. आता कॉलेजचं ग्रंथालय त्या कायद्यात बसत नाही, त्याचं कूळ विद्यापीठ आणि अनुदान आयोगाकडचं. पण एवढा मान पदरात असताना या गावच्या बोर्डांनी त्यातलं काही मिरवलेलं मी पाहिलं नाही. जावक क्रमांक पडल्याशिवाय ते स्वतःबद्दलही बोलत नाहीत.

जुलै-ऑगस्टात मात्र हा हेडक्लार्क वेगळाच भासतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पावसाळ्यात हे दोन आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. बालिंग्याजवळ रस्ता बंद झाला की गगनबावड्याकडची पोरं अडकतात, केर्लीजवळ पाणी आलं की पन्हाळा-शाहूवाडीकडची. मग काचेआड दोन ओळींचा कागद लागतो, की पुरामुळे ज्यांना येता आलं नाही त्यांच्याकडून विलंब शुल्क घेतलं जाणार नाही. ना ‘याद्वारे’, ना ‘अन्यथा’. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, चिखली-आंबेवाडी पाण्याखाली गेली. २०२१ मध्ये पुन्हा तेच. अशा वेळी घरच वाहून जायची पाळी, तिथं ग्रंथालयाचं पुस्तक कोण शोधणार? पाणी ओसरल्यावर ‘भिजलेली पुस्तके आहेत त्या स्थितीत आणून द्यावीत’ एवढीच सूचना. पुस्तकं यायची ती फुगून दुप्पट झालेली, पानापानांत गाळ. काउंटरवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर ती उभी करून ठेवायची, पानं सुटी झाली तर ठीक. नाहीतर दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोर ‘पुरात भिजले, निर्लेखित’ असा शेरा. पैसे कुणाकडून घ्यायचे हा प्रश्न कुणी काढत नाही.

दुसरा मोठा प्रसंग नॅकचा, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचा. समिती येणार हे ठरलं की आधी बोर्डाचं कापड बदलतं. जुने पिवळे कागद निघतात, त्यांच्या प्रती मात्र फायलीत जातात, कारण ‘निकष ४.२’ खाली ग्रंथालयाचे पुरावे लागतात आणि बोर्डावर जे लागलं ते पुराव्यात धरतात. मग सेवांची यादी रंगीत छापून झळकते: बुक बँक, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच, वर्तमानपत्री कात्रणं, झेरॉक्स, ओपॅक, एन-लिस्ट. ही शेवटची सेवा खरोखर दांडगी आहे. २०१० पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालते. अनुदानित कॉलेजला वर्षाला सहा हजारांच्या आत पडते आणि त्यात सहा हजारांहून जास्त ई-जर्नल्स उघडी होतात. मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हेवा वाटावा असा ऐवज, आणि तो कसा मिळवायचा ते बोर्डावर नऊ पॉइंटच्या इंग्रजीत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं वाचायला गुडघ्यावर बसावं लागतं. समिती गेल्यावर पासवर्ड मागायला किती जण येतात, हे ग्रंथपालांना विचारू नये. सेवा नसणं ही लहान कॉलेजांची अडचण आता राहिलेली नाही. सेवा आहे हे पोराच्या कानावर त्याच्या भाषेत जात नाही, ही आहे.

आता बातम्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात, बोर्डाचं काम संपलं असं म्हणणारे स्टाफरूममध्ये असतात. मला पटत नाही. ग्रुपवरची सूचना तासाभरात शुभेच्छा आणि रिझल्टच्या स्क्रीनशॉटखाली गाडली जाते. शिवाय ‘सर, माझा रिचार्ज संपला होता’ हे कारण तिथं चालतं. बोर्डापुढं चालत नाही. २०२४ पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत आलं, मेजर-मायनरचा घोळ सुरू झाला, तेव्हा कुठली क्रमिक पुस्तकं चालतील आणि कुठली आता नुसती शेल्फ अडवतील याची यादी फोनवर फिरत होतीच. तरी पोरं खाली येऊन काचेवर बोट ठेवून बघायची. फोनवर दिसलेलं खरं की खोटं, ते इथं ठरतं.

पण नेमानं वाचलं जातं ते निराळंच. काच आणि चौकट यांच्या फटीत अडकवलेल्या चिठ्ठ्या. ‘एस. टी. पास सापडला आहे, मामांकडे.’ ‘एम.पी.एस.सी. चर्चा, रोज ४ वाजता, मागचं टेबल.’ ‘शनिवारी पाटाकडील-दिलबहार, रीडिंग हॉल लवकर रिकामा करा’, ही शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलच्या कुणा भक्तानं लिहिलेली. तिला कुणाची सही नाही आणि पालन शंभर टक्के. बोर्ड या चिठ्ठ्या अंगावर वागवतो खरा, पण अधिकृतपणे त्या त्याच्या नाहीत.

एका ग्रंथपाल मॅडमनी हे बरोबर हेरलं होतं. नवीन दाखल ग्रंथांची टाइप केलेली यादी कुणी बघत नाही म्हटल्यावर त्यांनी ती हातानं लिहायला सुरुवात केली, आणि काचेआड न लावता चिठ्ठ्यांच्या रांगेत. प्रत्येक पुस्तकापुढं एक ओळ: ‘हे वाचून मी दोन दिवस स्वयंपाकात लक्ष घातलं नाही’, ‘पहिली पन्नास पानं सोसा, मग बघा’. ‘मृत्युंजय’पुढं लिहिलं होतं, ‘लेखक आजऱ्याचे, आपल्या जिल्ह्यातले. १९६७ पासून लोक वाचताहेत, तुम्ही कधी?’ जुन्या दोन्ही प्रती बायंडिंगला गेल्या होत्या, ही नवी एकच.

चार दिवसांत काउंटरवर भांडण. बी. ए. भाग एकची मुलगी, खास इथल्या बोलीत: “मामा, मी सोमवारपास्नं बघायलोय, मी आधी सांगितलो होतो!”

“सांगून काय उपयोग बाळ, क्लेम लावायला पायजे. बोर्डावर लिवलंय.”

“बोर्डावर कोण बघतंय?”

“मग हे पुस्तक आलंय ते कुठं बघितलीस?”

मुलगी गप्प. मग तिनं मामांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि यादीवर त्या ओळीच्या शेजारी लिहिलं, ‘अजून एक प्रत घ्या.’ बोर्डावर विद्यार्थ्यांनी लिहू नये असा नियम बोर्डावरच आहे. मामांनी तो दाखवला नाही. महिन्याभरानं पुढची यादी लागली, तीत ‘मृत्युंजय’ पुन्हा होतं, नव्या दाखल क्रमांकासह. त्याच्याखाली दोन दिवसांत दुसऱ्याच अक्षरात: ‘मॅडम, दोन प्रतींनी भागत नाही, तिसरी पण घ्या की.’