उभ्या गाडीचा श्वास

हायवेवर लोण्यासारखी चालणारी गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागते. आरपीएमची सुई पाचशेवर येते, हजारावर उडते, पुन्हा पडते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘हंटिंग’ करते. अशा गाडीला पहिली दहा मिनिटं मी पाना लावत नाही. बोनेट उघडायचं आणि ऐकायचं.

1995 साली पिंपरीत मर्सिडिझची जुळणी सुरू झाली ती डब्ल्यू-124 मॉडेलपासून. त्यातली ई-220 माझ्या विशेष जिव्हाळ्याची. 2199 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सोळा व्हॉल्व्ह, साखळीवर चालणारं टायमिंग. नीट असलं की साडेसातशेच्या आसपास इतकं शांत फिरतं की ते चालू आहे हे सुईकडे बघून कळावं.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक आली. मालक निवृत्त डॉक्टर. “प्लग नवे आहेत, सेन्सर नवा आहे, थ्रॉटल बॉडीसुद्धा बदलली,” ते म्हणाले. “तरी सिग्नलला बंद पडते. विकून टाकू का?”

मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, रात्रभर गाडी इथं राहू द्या. सकाळी गार इंजिन ऐकायचंय.”

आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा ओढतात, पण वाट अरुंद; त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. कुठे रबराला चीर असेल तर तिथून हवा आत घुसते. ही हवा, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या मागून आलेली, तिचं माप कुणी घेतलेलं नसतं. पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबानं पडतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन दबतं; कॉम्प्युटर झडप थोडी उघडतो, आरपीएम चढतात, तो झडप मिटतो, पुन्हा दबतं. वेगात असताना इंजिन इतकी हवा ओढतं की तेवढी चोरटी हवा जाणवतच नाही. म्हणून हायवेवर गाडी निर्दोष वाटते. मेकॅनिकनं टेस्ट ड्राइव्हवर विसंबू नये, ते याचसाठी.

सकाळी गाडी चालू केली आणि दोन फूट रबरी नळीचं एक टोक कानाला धरलं. दुसरं टोक एकेका सांध्यावरून फिरवलं. इंटेकच्या खाली, क्रँककेसची वाफ परत आत नेणारा ब्रीदर पाइप जिथं वळतो, तिथं बारीक ‘सीऽऽ’ ऐकू आलं. पक्कडीनं पाइप मॅनिफोल्डच्या बाजूला हलकेच दाबला. सुई जागेवर थांबली.

तेलाची गरम वाफ आणि वर्षानुवर्षांची उष्णता रबराला आतून खाते. पाइप बाहेर काढला तर वळणावर बोटभर चीर होती, आणि ती बरोब्बर खालच्या अंगाला. वरून कितीही टॉर्च मारला असता तरी दिसली नसती. नवा पाइप बसवला, क्लॅम्प आवळले, थ्रॉटलकडच्या वायरींचं आवरण कुठं तडकलंय का तेही तपासलं, कारण उष्णता त्यांनाही सोडत नाही.

तरीही स्टिअरिंगला हलका कंप होताच. सुई स्थिर आणि कंप कायम, म्हणजे दोष ज्वलनात नाही. इंजिन ज्यांच्यावर टेकतं त्या फाउंडेशन बसल्या होत्या. आतलं तेल केव्हाच गळून गेलेलं. इथं पुष्कळांची फसगत होते. मिसिंग समजून पुन्हा प्लग, पुन्हा कॉइल बदलत बसतात, आणि मालक खर्चाला कंटाळून चांगली गाडी भंगारात काढतो. मला याचं फार वाईट वाटतं. दोष सापडण्याआधी पार्ट बदलणं ही दुरुस्ती नव्हे.

दोन्ही फाउंडेशन बदलल्या. डॉक्टर आले, चावी फिरवली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर एवढं करा. ती गार असताना थरथरते की तापल्यावर, एसी लावल्यावर की गिअरमध्ये उभी असताना, हे आठवडाभर बघून कागदावर लिहा. गॅरेजला जाताना तो कागद बरोबर न्या, आणि मेकॅनिकला गाडी एक रात्र ठेवून घेऊ द्या.