दिघोरीचा नाला आणि होऊ घातलेला रस्ता

साकोलीहून लाखांदूरकडे जाणारी एस. टी. सानगडी मागे टाकून पुढे निघाली, की दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या सुरू होतात. हा मुलूख पाहावा तो श्रावणात. एका बांधीतले पाणी धुऱ्यावरून दुसरीत, दुसरीतले तिसरीत, असे करीत नाल्याला लागते. नाला चुलबंदीला मिळतो आणि चुलबंद वैनगंगेला. मी गेलो तो मात्र फाल्गुनात. लाखोरी निघून गेली होती, बांध्यांना भेगा पडल्या होत्या, आणि दिघोरीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दहा वाजताच ऊन चटके देत होते.

गावातल्या काही मंडळींनी बोलावले होते. मुख्य रस्त्यापासून आत थोडी बरड जमीन आहे. तिथे भातगिरणी आणि गोदाम व्हावे, जमल्यास आणखी एखादा कारखाना यावा, असे बोलणे चालले आहे. धान पिकवायचे इथे आणि तांदूळ करायला धाडायचे दूर, हे कुणालाही पटण्यासारखे नाही. पोरांना काम हवे आहे. पण माल वाहणारे ट्रक तिथे जायचे तर रस्ता हवा, आणि रस्ता जायचा तर नाला ओलांडायला हवा. शेतीचा माणूस म्हणून मी एकदा नजर टाकावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

आम्ही आधी तलावाच्या पाळीवर गेलो. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले तेव्हा लेव्हलची दुर्बीण नव्हती. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पावसात उभे राहून पाहिलेले होते. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे तलाव एकाखाली एक साखळीने आहेत. वरचा भरला की सांडव्यावरून निघालेले पाणी खालच्या बोडीत, तिथून पुढे बांध्यांत. या साखळीच्या मधोमध उंच भरावाचा रस्ता घातला, तर तो रस्ता राहत नाही, धरण होतो. फरक एवढाच, की धरणाला सांडवा असतो.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे खरे वाटणार नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, एका गावाच्या असल्याच रस्त्यावेळी मी हजर होतो. गावाचे नाव सांगत नाही. मे महिना होता. नाला कोरडा ठणठणीत. गुरे त्यातून चालत होती. दोन पायल्या टाकू, म्हणजे झाले, असे ठरले. मला तेव्हाही ते कमी वाटले होते. पण ‘हे आपल्या खात्याचे काम नव्हे’ म्हणून गप्प बसलो. जुलैत रोवणी आटोपली आणि झड लागली. पायल्यांच्या तोंडाशी काटक्या, पाला, पळसाच्या फांद्या अडकल्या. वरच्या अंगाच्या बांध्यांत नऊ दिवस पाणी थांबले. कोवळा रोवणा सडला. दहाव्या दिवशी भराव फुटला आणि खालच्या बांध्यांत मुरूम पसरला. ज्यांचे नुकसान झाले त्यात एक विधवा बाई होती, दीड एकराची. तिने मला काही विचारले नाही. हेच जास्त लागले.

म्हणून दिघोरीला पाळीवर बसून मी आधी हिशेब मांडला. तो शेतकऱ्याला कळेल असाच आहे. एक हेक्टरवर तासाला 36 मिलिमीटर पाऊस पडला, तर 360 घनमीटर पाणी पडते, म्हणजे सेकंदाला 100 लिटर. आता समजा, नाल्याला 200 हेक्टरचे पाणी येते. झाले सेकंदाला 20,000 लिटर. निम्मे मुरले किंवा बांध्यांनी धरले असे मानू. (भर पावसाळ्यात बांध्या तुडुंब असल्या तर तेवढेही धरत नाहीत.) उरले 10,000. तीन फूट, म्हणजे 900 मिलिमीटर, व्यासाची पायली पूर्ण भरून सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहिली, तरी तिच्यातून जातात सुमारे 1,270 लिटर. म्हणजे पायल्या आठ हव्यात. मी ज्या गावची गोष्ट सांगितली तिथे होत्या दोन! इंजिनिअर लोकांचा हिशेब याहून बारीक असतो, आणि शेवटी तोच धरायचा. पण आपल्या मनाशी हा ताळा असला, की त्यांना काय विचारायचे ते कळते.

मग नाल्यात उतरलो. कोरड्या नाल्यातही पुष्कळ लिहिलेले असते. पळसाच्या खोडाला कमरेच्या वर वाळका पाला गुंडाळलेला होता. तिथवर पूर आला होता. एका वळणावर काठ उभा कापला गेला होता. रस्त्याची आखणी नेमकी त्या वळणावरून जाते आहे, कारण ती वाट जवळची पडते. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला धडका मारते. तिथली मोरी कितीही पक्की बांधा, पाणी तिच्या बगलेतून वाट काढते. दोनशे पावले खाली नाला सरळ आहे, काठ दोन्हीकडे सारखे आहेत. तिथे काटकोनात ओलांडला तर रस्ता थोडा लांबेल, पण मोरी टिकेल. रपटा म्हणावा, तर मालाच्या ट्रकांना पुरात थांबावे लागेल, ते गिरणीवाल्यांना चालायचे नाही. तेव्हा पेटीची मोरीच हवी, रुंद.

सोबत एक ढिवर गृहस्थ होते. ते म्हणाले, “मोरी उचलून नोका बांधू जी. मासा चढत नाही.” हे मला पुस्तकात उशिरा सापडले होते, त्यांना लहानपणापासून ठाऊक. मृगाच्या पाण्यात मासे नाल्याने वर चढतात आणि बांध्यांत, बोड्यांत अंडी घालतात. पायलीचे तोंड खालच्या बाजूला हातभर उंच राहिले, तर तिथे पाण्याची धार पडते, डोह खणला जातो, आणि मासा खालीच राहतो. मोरीचा तळ नाल्याच्या तळाहून थोडा खाली धरला, की आत वाळू येऊन बसते आणि नाला मोरीतूनही नाल्यासारखाच वाहतो.

धुण्याच्या दगडाजवळ एक आजी भेटल्या. पाणी कुठवर चढते म्हणून विचारले, तर त्यांनी दगडाकडे न पाहता मागच्या धुऱ्याकडे हात केला. “तेती आमची बांधी आहे. आमाले रस्ता पायजे जी, पन पानी कोटी जाईल ते सांगा.” अख्ख्या दिवसात याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नाही.

त्यांची बांधी मोरीच्या खाली येते. तिला भीती पुराची कमी, मुरमाची जास्त. भरावाच्या उघड्या कुशीवरून आणि कडेच्या नालीतून पहिल्या दोन पावसांत लाल गाळ येतो. ती नाली थेट नाल्यात किंवा बांधीत सोडू नये. आधीच वळवून गवताच्या पडीत पट्ट्यावर पसरू द्यावी. कुशीला वाळा लावावा. मुरूम नाल्याच्या काठाचा खणू नये, आणि नाल्यातले काम मृगाआधी पुरे होत नसेल तर ते दिवाळीनंतरच सुरू करावे.

कागदांचेही पाहिले पाहिजे. विदर्भात गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये कलम 161 आणि 165 ला ते आहेत. सिंचनाचा, वहिवाटीचा, मासेमारीचा गावाचा जुना हक्क त्यात नोंदलेला असतो. रस्त्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी हे कागद आणि नकाशा समोर असावा. तरण्या मंडळींपैकी दोघांनी तलाठ्याकडे जायचे कबूल केले.

एकाने विचारले, “साहेब, एवढं करून कारखानाच नाही आला तर?” प्रश्न रास्त होता. याच जिल्ह्यात मुंडीपारला 2013 साली भेलच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले आणि त्यानंतर कित्येक वर्षे काम पुढे सरकले नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. कारखाना येईल न येईल. भराव मात्र एकदा पडला की तिथेच राहतो, आणि पाऊस दर वर्षी बाराशे-तेराशे मिलिमीटर पडायचाच. मी त्यांना एवढेच म्हटले, की मोरी कारखान्याच्या भरवशावर मोजू नका, नाल्याकडे पाहून मोजा.

निघताना ठरले, की आखणी कायम होण्याआधी एक पावसाळा पाहायचा. ढिवर गृहस्थ वळणावर आणि खालच्या सरळ जागी बांबू रोवतील, त्यांवर वीत-वीत अंतराने चुन्याच्या खुणा करतील, आणि झडीच्या दिवसांत शाळेतली मुले सकाळ-संध्याकाळ पाणी कितव्या खुणेला आहे ते वहीत लिहितील. तलावाचा सांडवा सुटला की मला फोन करायचा. आजींनी मधेच विचारले, बांबू त्यांच्या धुऱ्यावरही एक रोवाल काय? तिसरा बांबू त्यांच्या धुऱ्यावर रोवायचे ठरले, आणि मी साकोलीची गाडी धरली.