किल्लारीस जाऊन आलों

अमरकोशांत पृथ्वीच्या अनेक नांवांमध्यें 'अचला' आणि 'स्थिरा' हीं दोन नांवें येतात. शिक्षकी पेशाच्या तीस-बत्तीस वर्षांत आम्हीं तीं कित्येक मुलांकडून पाठ करून घेतलीं. परंतु हीं नांवें खोटीं ठरतांना पाहण्याचा प्रसंग आमच्यावर दोनदां आला. त्यांतला दुसरा प्रसंग ता. १० जुलै २०२४ चा. सकाळीं सातच्या सुमारास आम्ही नांदेडास आमच्या घरीं चहा घेत असतां बशींतली कपाची किणकिण ऐकूं आली आणि देव्हाऱ्यांतली घंटा आपोआप हलली. धक्का हिंगोली जिल्ह्यांतला होता; साडेचार रिश्टरचा. पांच मिनिटांच्या आंत पुण्याहून चिरंजिवांचा व हैदराबादेहून कन्येचा फोन आला, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर सर्व नातलगांची क्षेमकुशलाची विचारपूस होऊन गेली. संध्याकाळीं मात्र त्याच मार्गानें दुसरा एक निरोप तीन ठिकाणांहून येऊन थडकला: "आज रात्रीं याहून मोठा धक्का बसणार आहे, बाहेर झोपा." धाडणाऱ्यांपैकीं एक गृहस्थ चांगले पदवीधर होते.

त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं. भयामुळें नव्हे, ३१ वर्षांपूर्वीं एका ओळीच्या निरोपासाठीं तीन दिवस घालविलेली तगमग आठवली म्हणून. यंदा किल्लारीस जाऊन यावयाचें, असें आम्हीं त्याच रात्रीं ठरविलें.

सप्टेंबर अखेरीस आम्ही निघालों. नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी. लातुरास पोहोंचते. तेथून औसा वीस किलोमीटर. औशाचा जुना भुईकोट किल्ला उजाडतांना पाहावा असा आहे. पण आमचें चित्त पुढें लागलेलें होतें. औशाच्या पुढें लामजना लागतें, आणि मग किल्लारी. दोहों बाजूंस काळी कसदार जमीन, सोयाबीनचीं शेतें पिवळीं पडून काढणीस आलेलीं, मधून तुरीचे हिरवे पट्टे. इतक्या शांत भूमीच्या पोटांत कांहीं असेल, असें कोणासही वाटूं नये.

विद्वानांसही तसें वाटलें नव्हतें. दख्खनचें पठार हें कठीण काळ्या पाषाणाचें, म्हणून भूकंपापासून निर्धास्त, असें आम्ही स्वतः भूगोलाच्या तासाला शिकवीत आलों. त्या काळच्या सरकारी भूकंप-नकाशांतही हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत दाखविलेला होता. पुढें २००२ च्या सुधारित नकाशांत तो पहिला विभागच काढून टाकण्यांत आला, आणि हा प्रदेश तिसऱ्या विभागांत गेला.

जुनें किल्लारी आतां गांव म्हणून उरलेलें नाहीं. तेथें स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षीं ३० सप्टेंबरास आप्त येतात, फुलें वाहतात, आणि न बोलतां परत जातात. नवें किल्लारी निराळ्या जागीं वसलें आहे. रुंद सरळ रस्ते, घराघरांत अंतर, चौकोनी आंखणी. जुन्या गांवाच्या बोळांत एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गोष्टी चालत, तें सुख या रुंद रस्त्यांत नाहीं, असें एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले. मग स्वतःच पुढें म्हणाले, "पण गुरुजी, त्या बोळांतून पळायला वाट नव्हती."

३० सप्टेंबर १९९३ ची ती रात्र अनंत चतुर्दशीची. गणपतीचें विसर्जन करून थकलेलीं माणसें उशिरां अंथरुणाला पाठ टेकून गाढ झोपलेलीं होतीं. पहाटे चारला चार मिनिटें कमी असतां धक्का बसला. या भागांतलीं घरें म्हणजे मातींत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, आणि वर माळवद. पावसाची गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षें मातीचे थर चढत गेलेले. उन्हाळ्यांत थंड आणि थंडींत ऊबदार, असा त्या घरांचा लौकिक होता. तेंच ओझें कांहीं क्षणांत खालीं आलें. मृतांचा आंकडा कोणी आठ हजार सांगतात, कोणी दहा हजारांच्या जवळ नेतात. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतलीं ५२ गांवें पुढें नव्या जागीं वसवावीं लागलीं.

ही वार्ता मुंबईस कशी पोहोंचली, हें ऐकण्यासारखें आहे. त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. शरद पवार विसर्जन निर्विघ्न पार पडल्याच्या बातम्या घेत पहाटेपर्यंत जागे होते. खिडक्या हादरल्या तेव्हां त्यांनीं कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडे चौकशी केली, आणि धक्क्याचें मूळ किल्लारीकडे असल्याचें त्यांस कळलें, असें त्यांनींच सांगितलेलें आहे. त्याच सकाळीं ते किल्लारीस आले. कोयनेस १९६७ च्या डिसेंबरांत भूकंप झाला होता. एका आपत्तीच्या ठिकाणीं जागी राहिलेली यंत्रें दुसऱ्या आपत्तीच्या उपयोगीं पडलीं.

पण वार्ता मुंबईस पोहोंचणें निराळें आणि घरीं पोहोंचणें निराळें. आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणत असूं, किल्लारीपासून कांहीं कोसांवर तेरणेकांठच्या एका खेड्यांत दिलेली होती. बातमी ऐकतांच आम्हीं पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. केंद्रावर धांव घेतली. तेथें शंभर माणसें उभीं, आणि तिकडची लाइन लागत नाहीं. तार केली, उत्तर नाहीं. तिसऱ्या दिवशीं एका एस.टी. चालकानें घडी घातलेली चिठी आणून दिली. वहीच्या पानावर पेन्सिलीनें सूनबाईनें लिहिलें होतें: "आई आहेत. बाबा गेले." अक्का लाकडी खांबाजवळ निजली होती, भिंत बाहेर कोसळली आणि खांबानें तुळई धरून ठेवली. यजमान ओसरीवर होते.

त्या तीन दिवसांत आमच्यासारखे हजारों लोक होते. याच वेळीं एक लहानसा वर्ग मोठ्या उपयोगीं पडला, त्याचा उल्लेख करणें आमचें कर्तव्य आहे. हौशी रेडिओवाले, ज्यांस 'हॅम' म्हणतात, ते आपलीं यंत्रें घेऊन त्या भागांत आले होते. सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेले हे लोक. कोणी अभियंता, कोणी दुकानदार, कोणी विद्यार्थी. मोटारीची बॅटरी, एक पेटी आणि झाडावर फेकलेली तार, एवढ्यावर त्यांचें काम चालतें. त्यांच्या लहरी आकाशांतल्या वरच्या थरांवरून परतून शेंकडों मैलांवर उतरतात. त्यांस खांब लागत नाहीं कीं गांवची लाइन लागत नाहीं. एरवीं ज्यांच्या छंदास घरचे लोक हंसतात, त्यांचा छंद अशा वेळीं परक्यांचे प्राण राखतो.

उलट, संदेशाचा मेळ नसला म्हणजे सद्भावनेचेंही ओझें होतें. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मदतीच्या गाड्या आल्या, पण कोणत्या गांवास काय हवें हें विचारण्याची सोय नव्हती. एके ठिकाणीं जुन्या कपड्यांचे ढीग चिखलांत पडले, आणि दुसऱ्या ठिकाणीं पहार आणि कंदील मिळेनात. पाहावयास आलेल्यांच्या गर्दीनें जखमींच्या गाड्यांची वाट अडविली. दान देणाऱ्याचा हात मोठा असला तरी त्याला डोळे आणि कान लागतात, हा धडा तेव्हांचा.

अक्का जाऊन बारा वर्षें झालीं. सूनबाई आतां साठीच्या घरांत आल्या आहेत. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलों तेव्हां त्यांनीं ताक दिलें आणि मग भिंतीकडे बोट दाखविलें. "मामा, हे गोल दिसतात ना, ते भिंतीला आरपार बांधणारे दगड. हे मी शिकून घेतलें आणि मग दुसऱ्यांना शिकवलें."

त्यांची हकीकत अशी. जीं गांवें पुरतीं नष्ट झालीं नव्हतीं, तेथें घरें दुरुस्त व बळकट करण्याचें काम जागतिक बँकेच्या कर्जानें सरकारनें हातीं घेतलें. हजारांहून अधिक गांवें, आणि प्रत्येक घराचा प्रश्न निराळा. अभियंत्याची भाषा गांवाला कळेना, गांवाची भाषा कचेरीला कळेना. तेव्हां श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानें गांवोगांवच्या महिला मंडळांतल्या बायकांस 'संवाद सहायक' नेमण्यांत आलें. माळवदावरची जादा माती उतरवा, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांस तिरपे आधार द्या, भिंतींत आरपार दगड घाला, हें त्या घरोघर समजावून सांगत. आणि कोणाचा हप्ता अडला, कोणाचें सिमेंट आलें नाहीं, हें कचेरींत जाऊन सांगत. सूनबाई त्यांपैकीं एक. ज्या घरांतून डोक्यावरचा पदर ढळूं न देतां त्या वावरल्या, त्याच घरांतून निघून सर्व आळ्यांत, सर्व जातींच्या उंबऱ्यांत त्या जाऊं लागल्या. अक्कानें प्रथम नाक मुरडलें, मग स्वतःच म्हणाली, "जा बाई. भिंत पडतांना तिनें कोणाची जात विचारली नव्हती."

आम्हीं सहज विचारलें, "तुम्हांला हें काम करावें असें कां वाटलें?" सूनबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचें कार्ड होतें ना मामा."

वाचक हो, हें सांगणें आम्हांस जड जातें. पण तें टाळलें तर हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. भूकंपाच्या आदल्या वर्षीं, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसत होते. अक्कानें आम्हांस दोन पोस्टकार्डें लिहिलीं: जमिनींतून गुरगुर येते, फळीवरचीं भांडीं वाजतात, लोक अंगणांत झोपतात, तुम्ही शिकलेले आहांत, काय समजावें तें कळवा. आम्हीं उलट टपालीं कळविलें कीं दख्खनचें पठार अढळ आहे, पृथ्वीचें नांवच अचला, व्यर्थ भिऊं नये. कोणास विचारलें नाहीं. हैदराबादेस भूभौतिकीची राष्ट्रीय संस्था आहे, तिला एक पत्र टाकावें, इतकेंही सुचलें नाहीं. अक्षर मात्र वळणदार काढलें.

"तें कार्ड आईंनीं ओट्यावर बसून चार घरच्या बायकांना वाचून दाखवलें," सूनबाई म्हणाल्या. "त्यानंतर आम्ही पुन्हां घरांत झोपूं लागलों. धक्केही थांबले होते म्हणा. वर्षभर कांहीं झालें नाहीं. तुमचा दोष नाहीं मामा. पण मला वाटलें, यापुढें आपण स्वतः समजून घेतल्याशिवाय कोणाला कांहीं सांगायचें नाहीं." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. म्हणूनच तें अधिक लागलें. अक्का पुढें अनेक वर्षें आमच्या घरीं येत-जात राहिली. त्या कार्डाचें नांव तिनें एकदांही काढलें नाहीं.

भूकंपाचा दिवस व वेळ आधीं सांगण्याची विद्या आजही कोणापाशीं नाहीं. त्यामुळें आम्हीं दुसरें कांहीं लिहिलें असतें तरी तो टळला नसता. परंतु 'आम्हांस ठाऊक नाहीं, विचारून कळवितों' एवढें लिहिणें आमच्या हातीं होतें. माळवदाची माती थोडी उतरवून घ्या, असा सल्ला कोणा जाणत्यापासून मिळविणेंही कदाचित् हातीं होतें.

आतां तारखातें बंद होऊन बरींच वर्षें झालीं. २०१३ सालीं शेवटची तार गेली. २०२३ सालीं सरकारनें भ्रमणध्वनींवर मोठा नाद करून चांचणीचा संदेश पाठविला, तो पुष्कळांस आठवत असेल. त्याची युक्ति अशी कीं तो एकेका क्रमांकास जात नाहीं. मनोऱ्याच्या टप्प्यांत जेवढीं यंत्रें असतील तेवढ्यांस एकदम पोहोंचतो, म्हणून फोनांच्या गर्दींत अडकत नाहीं. अशा सोयी १९९३ सालीं असत्या तर किती बरें झालें असतें, असें मनांत येतें. पण यंत्र निरोप नेतें. निरोप खरा कीं खोटा हें पाहत नाहीं. 'आज रात्रीं मोठा धक्का' हा निरोप पुढें लोटणारा पदवीधर आणि 'भिऊं नये' असें वळणदार अक्षरांत लिहिणारा मास्तर, हे एकाच पंक्तींतले.

म्हणून प्रत्येक घरांत आम्ही दोन गोष्टी सुचवितों. घरांतल्या कोणा एकानें तरी ११२ हा संकटकाळचा क्रमांक, तालुक्याच्या कचेरीचा क्रमांक आणि परगांवच्या एका नातलगाचा क्रमांक कागदावर लिहून भिंतीस लावावा. आपत्तींत सर्वांनीं त्या एकास कळवावें आणि त्यानें इतरांस. दुसरी, आलेला निरोप कोणी सांगितला हें कळल्याखेरीज पुढें पाठवूं नये.

निघतांना सूनबाईंनीं आमच्या पिशवींत तुरीची डाळ घातली आणि म्हणाल्या, "पोहोंचलांत कीं कळवा." एस.टी. लातुरास लागली तेव्हां आम्हीं त्यांस लिहिलें: "सुखरूप पोहोंचलों. बाकी कांहीं ठाऊक नाहीं." त्यांचें उत्तर लगेच आलें: "एवढें पुरे, मामा."