झोप लागते का?

शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा शासनाने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. २०१५ ची गोष्ट. आम्ही आशा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, शेतकऱ्यांच्या घरी जाऊन विचारायचो : झोप लागते का? जेवण जातं का? जीव नकोसा होतो का? उत्तर काळजीचं वाटलं, तर त्या माणसाला दवाखान्यापर्यंत न्यायचं. करमाडच्या आसपासच्या वस्त्यांवर मीही हे काम केलं. माणसं आधी गप्प बसायची, मग बोलायला लागायची.

मग कोरोना आला. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघालेली माणसं होती ती. त्या दिवशीही आमचं कोरोनाचं सर्वेक्षण सुरूच होतं. दारोदारी बाया त्या अपघाताबद्दलच विचारत होत्या, आणि मला सांगवत नव्हतं.

पुढे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही घरोघर तपासणीची मोहीम आली. हातात थर्मल गन, ऑक्सिमीटर. "तू धा घरं हिंडून येती, आमच्या दारात नको येऊ," असं ओळखीच्या मावशीही म्हणाल्या. घरी आल्यावर अंघोळ होईपर्यंत लेकराला जवळ घेता येत नव्हतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका आजीचा ऑक्सिजन कमी दिसला, म्हणून मीच गाडी बोलावली. आजी परत आल्या नाहीत. त्यांची सून अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं दुःख मला कळतं.

साथ ओसरली, पण माझी झोप गेली ती गेलीच. रात्री फोन वाजला की छातीत धडधडायचं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. अभिमान वाटला. पण त्या रात्रीही मी जागीच होते.

बोलणं सुरू झालं ते एका मासिक बैठकीत. रजिस्टरं तपासून झाल्यावर आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी शेतकऱ्यांसाठीचे तेच प्रश्न आम्हाला विचारले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यांत जुनी आशा म्हणाली, "मला रोज मेलेली माणसं दिसतात." त्यानंतर आम्हाला थांबवणं ताईंना अवघड गेलं. मी पुढे १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलले. त्यांनी डॉक्टरांना भेटायला सांगितलं. गोळ्या काही महिने घेतल्या, हळूहळू झोप परतली.

पण दवाखान्यात गेलेला दिवस माझ्या पदरचा होता. आशाचा बराचसा मोबदला कामाच्या नगावर ठरतो. स्वतःच्या उपचाराचा दिवस त्यात कुठेच बसत नाही. म्हणून माझं मागणं साधं आहे. मासिक बैठकीतला अर्धा तास या बोलण्यासाठी राखून ठेवा, त्याची नोंद कामात करा, आणि उपचाराला जाणाऱ्या बाईचा दिवस बुडू देऊ नका. सफाई कामगार आणि रुग्णवाहिकेचे चालक यांनाही त्यात घ्या. कोरोनात मृतदेह त्यांनीच उचलले आहेत.

आणि माझ्या आशाताईंनो, १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं. मराठीत बोला. दुसऱ्याला इतकी वर्षं विचारलंत, आता स्वतःचं सांगा.