दाखल्याचे चार दिवस

मुख्याध्यापकाच्या टेबलावर रोज कसले ना कसले कागद येतात. सही करायची आणि शिपायाच्या हाती द्यायचे, एवढेच आपले काम. पण २०१९ च्या मे महिन्यात शाळा सोडल्याचा एक दाखला मी चार दिवस खणात ठेवला. नियमात काही अडत नव्हते. माझ्याच मनात अडत होते.

मुलगा नववी पास झालेला, गणितात वर्गात पहिला. वडील वारलेले, आई खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मजुरी करणारी. तिला क्षय झाला, तो साध्या औषधांना दाद देईना आणि उपचार लांबत गेले. चुलत्यांनी हात वर केले. तेव्हा २०१७ साली बालकल्याण समितीच्या आदेशाने हा मुलगा आमच्या शाळेजवळच्या एका ख्रिस्ती दांपत्याकडे राहायला आला. बाई निवृत्त परिचारिका, यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले, स्वतःची मुले परगावी.

याला प्रतिपालकत्व म्हणतात. हे दत्तक नव्हे. मूल आपल्या नावावर होत नाही. अडचणीच्या काळात सांभाळायचे आणि घरची घडी बसली की माघारी द्यायचे.

शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झालीच. “आता बाटवतील बघा.” ती शंका माझ्याही मनात होती, हे कबूल केले पाहिजे. पण मुलाचे नाव होते तेच राहिले. रविवारी ती दोघे प्रार्थनेला जात, तेव्हा हा आमच्या मैदानावर क्रिकेट खेळत असे. दुसऱ्या वर्षी, आईपासून आता संसर्गाची भीती नाही असे डॉक्टरांनी सांगताच, गणपतीच्या आधी बाई स्वतः रजा मागायला आल्या. “आईकडं नेऊन सोडते, सर. सणाला घरात पोर पाहिजे की!” एकदा तो त्यांना ‘आई’ म्हणाला, तर त्यांनीच थांबवले. “आई एकच रे. मी मावशी.”

पुढे आई बरी झाली. समितीने मुलाला घरी पाठवण्याचा आदेश दिला. मी मात्र अस्वस्थ झालो. दहावी तोंडावर आलेली, नव्वदच्या पुढे जाईल असा मुलगा, आणि तो त्या पावसाळी खेड्यात जाणार, जिथे धड वीज टिकत नाही! मी बाईंच्या घरी गेलो. म्हटले, “निदान दहावीपर्यंत ठेवून घ्या. त्याचे नुकसान करता आहात.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही दहावी बघता. ती माउली दीड वर्षाच्या वर गोळ्या गिळत राहिली ती ह्याच्यासाठीच. आता ठेवून घेतला, तर गरिबाचं पोर आपण चांगल्या शब्दांत काढून घेतलं असं होतंय.”

“आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतंय की. पण ते मी सोसायचं. त्यानं कशाला?”

चौथ्या दिवशी मी सही केली.

ख्रिस्ती सेवाकार्य म्हटले की मराठी माणसाला पंडिता रमाबाई आठवतात. १८५८ साली कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या विदुषीने दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी केडगावला आणून आसरा दिला. ज्यांचे मागे कोणी उरलेच नव्हते, त्यांच्यासाठी मोठे छप्पर उभारणे हेच तेव्हाचे काम होते. आज बालगृहातून आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांची माहिती मी पाहतो, तेव्हा बहुतेकांच्या मागे आई किंवा बाप जिवंत असतो. आजार, दारू, कर्ज यांनी घर मोडलेले असते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. मग किती मुले सांभाळली, किती शिकून मोठी झाली, एवढ्यावर यश कसे मोजायचे? मूल जिथून आले ते घर पुन्हा उभे राहिले का, हेही विचारायला हवे.

बाईंनी ते विचारले. मुलगा गेल्यावरही महिन्यातून एकदा त्या त्या खेड्यात जात राहिल्या. आईच्या विधवा वेतनाचे कागद त्यांनी खेटे घालून पूर्ण केले. त्या बाईला उपदेश केल्याचे मी ऐकले नाही. तिच्या चुलीपाशी बसून चहा प्यायल्याचे मात्र मुलानेच सांगितले.

मुलगा दहावीला बसला ते २०२० साल. कोरोनामुळे परीक्षा जून-जुलैत झाली. त्याला अठ्ठावन्न टक्के पडले. “मी सांगत होतो ना?” असे मी घरी म्हणालोसुद्धा. पुढे त्याने आयटीआय केले. आज तो वायरमनची कामे करतो आणि आईला रोजगाराला पाठवत नाही. त्याच्यातला गणिती कुठेतरी राहून गेला, ही हळहळ मला आजही आहे. ती खोटी आहे असे बाईही म्हणत नाहीत.

सगळेच असे निभावत नाही. त्यांच्याकडची पुढची मुलगी बापाकडे परत गेली आणि चारच महिन्यांत समितीमार्फत पुन्हा त्यांच्या दारात आली. मी म्हटले, “म्हणजे केले ते वायाच गेले.” बाई म्हणाल्या, “वाया कसं? ह्या खेपेला ती विचारत विचारत नाही आली, सर. तिला दार ठाऊक होतं.”

माझ्या निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. निकालाचा फळा मी आजही अभिमानाने लावतो. त्यात खोटे काही नाही. पण दाखला मागायला असे कोणी आले, तर कागद खणात ठेवत नाही. घरी कोण आहे, चूल कशावर चालते, एवढे विचारतो, आणि जमले तर एकदा जाऊन बघून येतो.